टाइमकीपर बाईंची रजा

बुधवार, ३ डिसेंबर

आज सायंकाळी, चहा गाळला जात असताना, आमच्या गृहराज्यात रक्तहीन सत्तांतर झाले. कन्या चि. यशश्री इंदूरहून आली आणि पायांतले बूट काढण्यापूर्वीच तिने घोषणा केली की उद्या ती आपल्या मातेस घेऊन कोलकात्यास प्रयाण करीत आहे. तिकिटे काढलेली, हॉटेल ठरलेले, परतणे चौदा तारखेच्या रविवारी. मी प्रयोजन विचारले.

"फिरायला," ती म्हणाली.

"नुसतंच?"

"नुसतंच, बाबा. लोग जाते हैं."

माझी अर्धांगिनी विनता हिला लग्नाच्या आधीपासून ट्राममध्ये बसायचे होते, ही वार्ता मला याच प्रसंगी कळली. विवाहोत्तर काळात आम्ही जबलपूरपासून तासाभरावरच्या भेडाघाटला चार वेळा गेलो, तेही नौकाविहारासह. त्यामुळे तिची प्रवासाची हौस अपूर्ण राहिली असावी, असा संशय मला कधी शिवला नव्हता.

मी केंद्र शासनाच्या एका कार्यालयात हिंदी अधिकारी आहे. सुबोध इंग्रजीचे दुर्बोध हिंदीत रूपांतर करणे हे माझे विहित कर्तव्य. या व्यवसायाने माझी मराठी बिघडली, असा घरच्यांचा आरोप आहे. मी त्याचे खंडन करतो; पण खंडन करताना 'खंडन' हाच शब्द वापरतो, त्यामुळे माझी बाजू दुबळी पडते. आनंद हे माझे नाव म्हणजे आमच्या कुळाने बारशाच्या दिवशी केलेली अतिशयोक्ती.

कन्येने जाण्यापूर्वी एक तह माझ्यावर लादला. "बाबा, मम्मी को फोन करके हे कुठे आहे, ते कुठे आहे, नाही विचारायचं. ती करेल तेव्हाच बोलायचं. प्रॉमिस?" मी प्रॉमिस केले. आता ज्या तक्रारी पत्नीस सांगता येणार नाहीत त्या कुठेतरी सांगणे प्राप्तच आहे. म्हणून ही दैनंदिनी.

प्रश्न उरतो पिताश्रींचा. श्री. बळीराम, म्हणजे आमचे अण्णा, वय चौऱ्याऐंशी. उभा जन्म इथल्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात गेला. गेल्या काही वर्षांपासून त्यांची स्मृती टप्प्याटप्प्याने सेवानिवृत्त होत आहे. तरीही प्रकृती ठणठणीत, स्वभाव सौम्य. मी सकाळी फिरून येतो तेव्हा ते वऱ्हांड्यातल्या खुर्चीत शांत बसलेले असतात, कार्यालयातून येतो तेव्हा माझी विचारपूस करतात. अशा वृद्धास सांभाळण्यात कठीण ते काय?

विनता बॅग भरता भरता म्हणाली, "अहो, अण्णांचं सकाळचं कसं असते ते एकदा दाखवून ठेवते. दहा मिनिटं लागतीन."

मी म्हणालो, "देवी, ज्या पुरुषाचा मी औरस पुत्र, त्याच्या प्रातःकालाचे प्रात्यक्षिक मला?"

ती "बरं" म्हणाली आणि साडीची घडी पुन्हा घालू लागली, जरी ती आधीच घातलेली होती.

गुरुवार, ४ डिसेंबर

उभयतांना हावड्याच्या गाडीत बसवून आलो. यशश्रीने आईला खिडकीची जागा दिली. निरोपासाठी मी दोन श्लोकसदृश वाक्ये सिद्ध करून नेली होती. फलाटावरच्या चहावाल्याने ती वाया घालवली. गाडी हलली तसा मी हात हलवला. विनता इंजिनाच्या दिशेला बघत होती. बहुधा सिग्नल पाहत असावी.

तोवर शेजारच्या बेबीताईंनी अण्णांना सांभाळले. यांचे माहेर आर्वीचे, जबलपूरला पन्नास वर्षे झाली, तरी वाणीस मध्य प्रदेशाचा वारा लागलेला नाही. परतल्यावर त्यांनी अहवाल दिला: "आनंदभाऊ, म्हातारबुवा सकाळपासून जेवले नाही. चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. ताट वाढलं तं हात जोडते. म्हणते, मेरी हाजिरी नहीं लगी."

"स्थानांतराचा मानसिक परिणाम," मी निदान केले.

"थे तं इथंच हायेत. तुमची बायको गेली ना!"

सायंकाळी मी खिचडी केली. अण्णांनी ताटाकडे अतिशय आदराने पाहिले आणि ते दूर सारले.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज कार्यालयातून रजा घेतली. सकाळी स्वयंपाकघरात गेलो तो ओट्यासमोर अण्णा उभे. दाढी स्वतः केलेली, खाकी पँट, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणे लावलेली, उजवा हात पुढे पसरलेला. मी पेला दिला. त्यांनी तो ओट्यावर ठेवला. वर्तमानपत्र दिले, तेही ठेवले. मग मी क्रमशः चष्मा, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि टीव्हीचा रिमोट अर्पण केला. देवापुढे नैवेद्याचे पदार्थ बदलून बघावेत तसा हा विधी चालला होता. अखेर तेच थकले. "गैरहाजिर आदमी को कैंटीन में खाना थोड़ी मिलता है," असे मला समजावून सांगत ते खुर्चीत जाऊन बसले.

मी त्यांना विचारले, "अण्णा, मी कोण?"

"आप बड़े साहब के ऑफिस से हो ना?"

अंशतः खरे आहे.

बेबीताईंनी दुपारी माझ्या पातेल्यात डोकावून विचारले, "भात शिजवून राहिले का खळ करून राहिले, भाऊ?" त्यांच्या घरचा वरणभात आला. तो मी जेवलो. अण्णांनी दोन बिस्किटे आणि चहा घेतला.

दुपारी विनताचा दूरध्वनी. तिचा आवाज मला ओळखू येईना. पार्श्वभूमीला गर्दी असावी. म्हणाली, ट्रामा आता थोड्याच उरल्यात, अजून बसायला मिळालं नाही. मग म्हणाली, "आज मी रस्ता चुकले. यशू दुकानात होती, मी अशीच चालत चालत पुढे गेले, आणि मला कळेना मी कुठं आहे."

"अरे बापरे! मग?"

"मग काही नाही. चालत राहिले. मला कुणी ओळखत नव्हतं, कुणी हाक मारून नव्हतं राहिलं. फार बरं वाटलं."

रस्ता चुकण्यात बरे वाटण्याजोगे काय असते ते मला कळले नाही. हवापालटाचा प्रभाव असावा. "अण्णा कसे?" तिने विचारले. "सर्व क्षेम," मी म्हणालो.

शनिवार, ६ डिसेंबर

कढी उतू गेली. अण्णा पुन्हा ओट्यापुढे हात पसरून उभे होते. पुन्हा चहा, पुन्हा बिस्किटे. मी चिडलो आणि मोठ्याने बोललो. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "साहब, लिखके दे दूँ माफी?"

आजची नोंद इथेच थांबवतो.

रविवार, ७ डिसेंबर

बैठकीच्या भिंतीवर अण्णांच्या निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेली लाकडी पाटी आहे. तिच्यावर त्यांचे नाव कोरलेले आहे, आणि मध्यभागी त्यांचा कारखान्यातला पितळी बिल्ला स्क्रूने बसवलेला. आज अण्णांना प्रसन्न करावे म्हणून पाटी उतरवली, तर बिल्ला नाही! त्या जागी गोल फिकट डाग आणि स्क्रूची भोके. डागावर बसलेल्या धुळीवरून अनुमान काढले की चोरी जुनी आहे. संशयितांची यादी मनात करीत होतो, तोच विनताचा दूरध्वनी आला.

"अहो, माझ्या हातून मोठी चूक झाली. किल्ल्यांच्या जुडग्यात अण्णांचा बिल्ला इकडे आला."

"म्हणजे चोर तू?"

"अण्णा जेवून राहिले ना?"

मग तिने सांगितले ते मी जसेच्या तसे लिहून ठेवतो, कारण ऐकताना मी मध्ये एकदाही बोललो नाही आणि हे माझ्या बाबतीत असाधारण आहे.

दोन वर्षांपूर्वी अण्णा सकाळी कारखान्याचा भोंगा ऐकला की कामावर निघू लागले. अडवले की रडायचे. तेव्हा विनताने पाटीवरचा बिल्ला काढला. ओटा म्हणजे टाइम ऑफिसची खिडकी, आणि ती टाइमकीपर. रोज सकाळी अण्णा येऊन आपला नंबर सांगतात, ती बिल्ला हातात देते, "हाजिरी लग गई, बलीरामजी" म्हणते. मग ते वऱ्हांड्यात ड्युटीवर बसतात. दुपारी ती थाळीवर चमचा वाजवते, तेव्हा कँटीन उघडते आणि ते जेवतात. सायंकाळी बिल्ला खिडकीवर जमा होतो, सुटी होते, अण्णा घरी येतात. मधल्या वेळात ते तिला मॅडम म्हणतात. बिल्ला जमा झाल्यावर पुन्हा विनता म्हणतात.

म्हणजे दोन वर्षे ही बाई आपल्याच स्वयंपाकघरात दिवसभर सरकारी नोकरीत आहे. आणि मी घरी येतो तो सुटी झाल्यानंतर. शनिवार-रविवारी मी वर्तमानपत्राआड असतो, आणि थाळी वाजली की मला वाटे, ती मलाच जेवायला बोलावते. मला भेटतात ते निवांत, घरी आलेले अण्णा.

"मी उद्याच निघते," ती म्हणाली.

दूरध्वनी कन्येने ओढून घेतला. "बाबा, एक मिनट." ती दूर गेली असावी, कारण आवाज खाली आला. "बाबा, मम्मी काल दुपारी झोपली ना, ती आज सकाळी उठली. मी तीन बार चेक केलं श्वास चालू आहे का. प्लीज़ बोल दो की सब ठीक है. प्लीज़, बाबा."

दूरध्वनी पुन्हा विनताच्या हाती. "खरं सांगा. जेवतात?"

"जेवतात," मी म्हणालो. "पोळीसुद्धा मागून घेतात."

अनुवादकाने मूळ संहितेशी प्रामाणिक राहावे, हे मी नवागतांना पंचवीस वर्षे शिकवत आलो आहे.

सोमवार, ८ डिसेंबर

रहस्य उलगडले म्हणून मी उत्साहात होतो. ओट्यामागे उभा राहिलो आणि "हाजिरी लग गई, बलीरामजी" हे वाक्य पुरेशा गांभीर्याने उच्चारले. अण्णांनी रिकाम्या तळहाताकडे पाहिले आणि तो तसाच धरून ठेवला. थाळी वाजवली, ते दचकले. एक रुपयाचे नाणे ठेवून पाहिले. त्यांनी ते मला बक्षिसासारखे परत केले.

तेव्हा नवा बिल्ला घडवण्याचा संकल्प केला. बेबीताईंना अण्णांपाशी बसवून कमानिया गेटकडे गेलो. तिथे चषक आणि सन्मानचिन्हे करून देणारे एक दुकान आहे. गोल पितळी चकती, वर छिद्र, सगळे त्याला नीट सांगितले. तो म्हणाला, "नंबर बोलिए, साहब."

मी काचेमागचे चषक मोजू लागलो.

मला माझे पॅन, आधार, सेवापुस्तिकेचा क्रमांक आणि राजभाषा नियमांची कलमे मुखोद्गत आहेत. पित्याच्या बिल्ल्याचा नंबर मला ठाऊक नव्हता. लहानपणी तो त्यांच्या कंबरेशी रोज लटकत असे. मी तो कधी वाचला नाही. घरी बेबीताईंना दूरध्वनी करून अण्णांना विचारायला लावले. त्यांनी प्रत्येक खेपेस निराळा सांगितला. विनतास विचारले असते तर एका शब्दात काम झाले असते. पण मग "जेवतात" या विधानाची वासलात लागली असती. शिवाय आपल्या बापाचा नंबर बायकोला विचारायचा!

"अकराशे दोन," मी ठोकून दिले. भारदस्त वाटला.

मंगळवार, ९ डिसेंबर

बिल्ला दिला. अण्णांनी तो घेतला. उलटून पालटून पाहिला. "किसका है?" विचारले. "आपका," मी म्हणालो. त्यांनी तो काळजीपूर्वक खिशात घातला. मी विजयी मुद्रेने स्नानास गेलो.

अण्णा घरात नाहीत. फाटक उघडे आहे. बेबीताईंकडे नाहीत. देवळात नाहीत. आमच्या रांझीच्या बाजारात नाहीत.

पाच दिवस जेवलेले नाहीत.

मी विनताला फोन केला.

सापडले. बाकी उद्या लिहीन.

बुधवार, १० डिसेंबर

काल जे घडले ते क्रमाने लिहितो.

मी "विनता" म्हटल्याबरोबर तिने विचारले, "कधी गेले?" मी अजून वाक्य जुळवत होतो. तिने कपडे विचारले. खाकी पँट, मी सांगितले. मग म्हणाली, "त्यांना कुणी बिल्ला दिला होता काय?"

"मी. नवा. करवून घेतला."

"त्याच्यावर नंबर?"

"अकराशे दोन."

मागे कुठेतरी घंटा वाजत होती, पुन्हा पुन्हा, देवळाची असावी, आणि लोकांचा गलका.

"मग ते रस्ता चुकले नाही," ती म्हणाली. "ज्याचा बिल्ला आहे त्याला द्यायला गेले असतीन. तुम्ही खमरियाच्या तिसऱ्या फाटकाकडे जा. आता तिथून फक्त ट्रक जातात, पण त्यांच्यासाठी फाटक तेच. समोर नाल्यावर पुलिया आहे, चिंचेखाली. तिथं बसतात."

"तुला कसं ठाऊक?"

"दर एकादशीला नेते ना मी त्यांना ऑटोनं. तुम्ही जा आधी."

दर एकादशीला! मला वाटे, त्या दिवशी ती देवळात जाते.

स्कूटरने गेलो. पुलियाच्या कठड्यावर अण्णा बसले होते. एका पायात चप्पल नव्हती. फाटकावरच्या जवानाने त्यांना पाणी दिले होते, आणि त्याचा चेहरा मी पोहोचल्यावर उजळला. म्हणाला, बाबा येऊन बसलेत, एकच बोलतायत. मी जवळ गेलो तर माझ्याशीही तेच बोलले.

"साहब, ये किसी का बिल्ला मेरे पास आ गया है. बेचारे की हाजिरी कट रही होगी. बाल-बच्चेवाला होगा."

मूठ त्यांनी इतकी आवळली होती की पितळेची कड तळहातात उमटली होती. जवानाने समजून हात पुढे केला: "लाइए, बाबा, मैं जमा करा देता हूँ." अण्णांनी बिल्ला दिला, मान हलवून खातरजमा केली, आणि त्यांचे खांदे खाली आले.

"और आप किस सेक्शन से?" त्यांनी मला विचारले.

"राजभाषा," मी म्हणालो.

"अच्छा, वो वाले," ते म्हणाले आणि माझ्या आधाराने उठले. ते फार हलके झाले आहेत.

दवाखान्यात नेले. सलाइन लावले. डॉक्टरांनी मला काय काय विचारले: औषध कोणते, झोप किती, पोट साफ होते का. मी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिले: पत्नीस विचारून सांगतो. डॉक्टर तरुण होती. चौथ्या खेपेस ती म्हणाली, "अंकलजी, आंटीजी को ही बुला लीजिए ना."

बोलावण्याची गरज उरलेली नव्हती. कन्येचा संदेश आला होता: आम्ही निघालो. पुढे एकही चित्र नाही, एकही फूल नाही. एरवी ती मला फुले पाठवते.

तहाचा भंग माझ्याकडूनच झाला, याची इथे नोंद करतो.

गुरुवार, ११ डिसेंबर

उभयता दुपारी परतल्या. विनताच्या पायांत लाल कॅनव्हासचे बूट होते. ते मी पूर्वी पाहिलेले नाहीत. आजवर ती कुठेही गेली तरी परतताना प्रत्येकासाठी काही ना काही घेऊन येते. नागपूरहून आली तर बेबीताईंच्या सुनेलासुद्धा. या वेळी पिशवीतून कोणासाठीही काही निघाले नाही. घाईत राहून गेले असेल.

तिने हातपायही धुतले नाहीत. बुटांसकट स्वयंपाकघरात गेली. ओट्यामागे उभी राहिली, जुडग्यातून बिल्ला सोडवला आणि हाक दिली, "नंबर?"

दवाखान्यातून आणल्यापासून पडून असलेले अण्णा उठून बसले, शर्टाची बटणे चाचपली, भिंत धरत आत गेले. "छह सौ अड़तीस," ते म्हणाले. एका क्षणात, न अडखळता.

"आज लेट हो गए, बलीरामजी."

"मैं लेट नहीं, मैडम," अण्णा किंचित दुखावून म्हणाले. "खिड़की बंद थी."

तिने बिल्ला दिला, थाळी वाजवली. त्यांनी दोन पोळ्या वरणात कुस्करून खाल्ल्या आणि वाटी चाटली. विनता प्रत्येक घासाकडे बघत उभी होती. तिचा चेहरा मला चांगला आठवतो, कारण तो आठवड्यापूर्वीचा होता. दूरध्वनीवर जी बोलायची ती बाई बहुधा गाडीतून उतरलीच नाही.

यशश्री दारात उभी होती. ती माझ्याशी बोलत नव्हती, म्हणून मीच विषय काढला. "ट्राम मिळाली का शेवटी?"

"मिळाली."

"वा! कुठवर गेलात?"

"दोन स्टॉप," ती म्हणाली. "फिर आपका फोन आया."

म्हणजे ती घंटा देवळाची नव्हती.

मी विनतापुढे उभा राहिलो. क्षमायाचनेचा एक सुघटित मसुदा मनात तयार होता. तिने तो मांडू दिला नाही. खरकटे उचलता उचलता म्हणाली, "तुम्ही 'जेवतात' म्हणून खोटं सांगितलं ते बरं केलं. तेवढे दोन दिवस तरी मिळाले."

ही निर्दोष मुक्तता की शिक्षा, ते मला ठरवता आलेले नाही. अण्णांच्या उपाशी पोटाचे दोन दिवस आणि तिच्या वाट्याचे दोन दिवस एकच होते, हे तिलाही कळत असणार. म्हणूनच ती ते ताटाकडे बघत म्हणाली.

सायंकाळी अण्णांनी बिल्ला जमा केला. "विनता, चहा टाकते काय?" म्हणाले. तिने टाकला. मग तो बिल्ला तिने जुडग्यात परत लावला नाही. माझ्या दाढीच्या आरशाशेजारी खिळा आहे, त्यावर अडकवला. ६३८. आकडे झिजलेले आहेत, पण बोट फिरवले तर लागतात.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सकाळी भोंगा झाला तेव्हा विनता उठली नाही. यशश्री तिच्याजवळ झोपली होती. त्यांच्या खोलीचे दार आतून लोटलेले होते. लाल बूट कपाटात गेलेले नाहीत. बाहेरच्या दाराशी आहेत, नाडी बांधलेली, टोके रस्त्याकडे. मला ते सरकवावेसे वाटले. राहू दिले.

मी खिळ्यावरचा बिल्ला घेतला आणि ओट्यामागे जाऊन उभा राहिलो. आज फिरायला गेलो नाही.

अण्णा आले. बटणे लावलेली.

"नंबर?" मी विचारले.

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिले. "मैडम कहाँ हैं?"

"छुट्टी पर हैं."

"बीमार हैं?"

"नहीं."

"कोई गुज़र गया?"

"नहीं, अण्णा."

"मग सुटी कायची?"

ते मराठीत बोलले. ड्युटीच्या वेळी ते मराठी बोलत नाहीत, असे विनताने सांगितले होते. मी गडबडलो. एकही तत्सम शब्द मदतीला आला नाही.

"फिरायला," मी म्हणालो.

"नुसतंच?"

"नुसतंच."

त्यांनी यावर बराच विचार केला. कपाळावरची शीर हलत होती. मग अगदी हळू, कार्यालयातली आतली गोष्ट विचारावी तसे, विचारले, "उनको भी मिलती है?"

आतल्या खोलीत पलंग करकरला. मी दाराकडे पाहिले, अण्णांनीही पाहिले. मी ६३८ पुढे धरला होता. झिजलेला, खरा, त्यांचाच.

"रहने दीजिए," अण्णा म्हणाले. "वो आएँगी तब लगा लेंगे." आणि ते जाऊन खुर्चीत बसले, गैरहजर.

मी पोळ्या केल्या. त्यांचे आकार निरनिराळे झाले. वरण केले, अण्णांना आवडते तसे, गूळ घालून. हे बेबीताईंकडून कळले. थाळी वाजवली. ते आले नाहीत. पुन्हा वाजवली, जोरात, आणि लगेच हात मागे घेतला, कारण तो आवाज आतल्या खोलीतही गेला असणार. आत ती जागी होती. तिला कळत होते, कँटीन उघडले आहे आणि कोणी जेवायला आलेले नाही.

एका हाकेवर अण्णा जेवतील, हे मला ठाऊक आहे. ती हाक दाराच्या पलीकडे आहे. मी दोनदा दाराशी गेलो, दोन्ही वेळा हात उचलला.

चहा केला. बिस्किटे वऱ्हांड्यात नेऊन दिली. अण्णांनी एक घेतले, एक माझ्यापुढे धरले. आम्ही दोघे बसलो आहोत. ताट झाकून ठेवले आहे, बिल्ला ओट्यावर आहे. दार अजून उघडलेले नाही, आणि मी ते वाजवलेले नाही.